काडोच्या कानात

'परतीची कक्षा' या टीव्ही मालिकेत तीन वर्षांपूर्वी कॅप्टन सोरेलने सातव्या मजल्याचं दार बाहेरून लावून घेतलं. अंतराळजहाजाला भोक पडलं होतं, हवा सुटत होती, दार लावलं नसतं तर सगळेच गेले असते. दाराच्या आत इंजिनियर काडोची मुलगी मिरी होती. काडो स्वतः बाहेर होता, सोरेलच्या शेजारी उभा. तेव्हापासून प्रेक्षकांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: काडो सोरेलला माफ करणार की नाही. सोरेलचं काम करणाऱ्या नेरिस प्रॉबर्टला लोक रस्त्यात अडवून विचारायचे. स्वान्सीच्या बाजारात एका म्हातारीने तर तिला कोबी द्यायचं नाकारलं. "आधी त्या बिचाऱ्याची माफी माग, मग कोबी ने," म्हणाली. नेरिस हसली होती तेव्हा. आता ती त्या बाजारात जात नसे.

काडोचं काम एम्लिन बेव्हन करायचा. आज काडो मरणार होता आणि मरता मरता सोरेलला माफ करणार होता. एम्लिनचा मालिकेतला हा शेवटचा दिवस. का, तर कथेची गरज, असं त्याला सांगण्यात आलं होतं. कथेची गरज कुठून उपटली हे नेरिसला पक्कं माहीत होतं, कारण ती गरज तिनेच निर्माण केली होती.

झालं होतं असं. गेल्या हिवाळ्यात एम्लिनने तिला स्टुडिओच्या मागे, जिथे दिवेवाले सिगारेट ओढतात तिथे, बाजूला घेतलं होतं. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा पत्र्याचा कारखाना. मागच्या बाजूला वारा असा घोंघावतो की शेजारच्यालाही ओरडून सांगावं लागतं. एम्लिनने मात्र कानाशी वाकून हळूच सांगितलं. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव घेतलं होतं. आत्ता सुरुवात आहे, पण वाढत जाणार. "काम आहे तोवर मी आहे," तो म्हणाला. "घरी मेन्नाला ठाऊक आहे, आता तुला. तिसऱ्या कुणाला कळलं तर हे लोक मला घरी बसवतील. तोंड बंद ठेवशील ना?" नेरिसने शब्द दिला. देणारच. तिचा नवरा ह्यू गेला त्या वर्षी ती पलंगावरून उठत नसे, तेव्हा हाच माणूस रोज सकाळी दाराशी येऊन गाडीचा भोंगा वाजवायचा. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या तरी वाजवायचा. ती खाली येईपर्यंत वाजवायचा.

आणि मार्चमध्ये तिने तो शब्द मोडला. एक साधासा प्रसंग होता, एम्लिनला दोनच वाक्यं. ती दोन वाक्यं काही केल्या त्याच्या तोंडात बसेनात. नेरिस ओल्या अंतराळवेषात दुपारभर पाण्यात उभी. पाय गारठले, डोकं तापलं. संध्याकाळी निर्माती कॅट्रिन तिला सूप प्यायला घेऊन गेली आणि सरळ विचारलं, "एम्लिनचं काय चाललंय? तुला माहीत असणार." नेरिसने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आजारी आहे तो. डोक्याचा आजार. पुढचं वर्ष काही निघायचं नाही त्याच्याच्याने." काळजीपोटी म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. ती वैतागून म्हणाली होती. म्हणताना तिला बरं वाटलं होतं, आणि तेच तिला पुढे रात्रंदिवस खात राहिलं.

महिन्याभरात लेखकांनी काडोला किरणोत्सर्गाची बाधा करून टाकली, म्हणजे त्याचं मरण ठरलं. एम्लिन विसराळू झाला होता, मूर्ख नव्हता. कुणीतरी फोडलंय हे त्याने ओळखलं. ठाऊक होतं दोघींना. नेरिसवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. मग उरली बायको. त्या दिवसापासून तो घरात मागच्या खोलीत झोपायला लागला आणि मेन्नाला फितूर म्हणायला लागला. नेरिसला हे कळलं ते त्याच्याकडूनच. रोज सकाळी तो तिला ताजा वृत्तांत द्यायचा, आणि ती रोज सकाळी ठरवायची की आज सांगून टाकू. वसंत गेला, उन्हाळा आला. तिने सांगितलं नाही.

आज मात्र सांगणं भाग होतं. उद्यापासून तो येणार नव्हता.

मेकअपच्या खोलीत शान त्याच्या गालावर भाजल्याचे डाग चढवत होती. शान ही मेकअप करणारी पोरगी, गप्प राहून काम करणारी. एम्लिन आरशात स्वतःला बघत होता.

"सुंदर दिसतोय मी," तो म्हणाला. "शान, हे असंच राहू दे. चर्चमध्ये असाच जातो रविवारी. पहिली ओळ रिकामी होईल, पाय पसरून बसता येईल."

"तुम्ही हलू नका हो," शान म्हणाली.

"आज मेन्ना येतेय, नेरिस. मी नाही बोलावलं. कॅट्रिनने बोलावलं. शेवटच्या दिवशी घरच्यांनी यायचं असतं म्हणे."

"येऊ दे की."

"चाळीस वर्षं एका ताटात जेवलो. आणि तिने काय केलं? उचलला फोन, सांगितलं सगळं. नवरा घरात बसला की तिला बरं."

शान रंगाची डबी आणायला बाहेर गेली. नेरिसने दार लावून घेतलं. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. आरशातून नको, तोंडावर सांगायचं असं तिने ठरवलं होतं.

"एम्लिन, मेन्नाने नाही सांगितलं. मी सांगितलं. कॅट्रिनला, मार्चमध्ये."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे अगदी स्वच्छ होते. सकाळी त्याचं डोकं ठिकाणावर असायचं.

"तू?"

"हो."

"का पण?"

"वैताग आला होता मला. तो पाण्यातला प्रसंग आठवतो? तुझ्यामुळे दुपारभर उभी होते. तिने विचारलं आणि मी बोलून गेले. आणि मग तुला सांगायची हिंमत झाली नाही. तू मेन्नावर चिडत राहिलास आणि मी ऐकत राहिले."

एम्लिनने गालाला हात लावला, डागाचा रंग बोटाला लागला. मग म्हणाला, "अरे देवा. काय काय बोललोय मी तिला." त्याला रडू फुटलं. "आईवरनं बोललो तिच्या. मेलेल्या आईवरनं."

"एम्लिन..."

"तू थांब. तुझं काय ते मी नंतर बघेन. आधी तिला येऊ दे. दुपारी आली की पहिलं तिचे पाय धरतो."

शान परत आली आणि डाग पुसला म्हणून कुरकुरली. नेरिस बाहेर पडली. तिला माफी मिळाली नव्हती, तरी तिचे पाय हलके झाले होते. तिला वाटलं, माझं राहू दे, त्या दोघांचं तरी जुळलं. चहा घेताना ती चक्क दिवेवाल्यांशी रग्बीवर बोलली.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये मेन्ना आली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली, ठेंगणी, भक्कम बाई. हातात पत्र्याचा डबा, डब्यात तव्यावर भाजलेले मनुकांचे केक. तिने डबा एम्लिनच्या पुढ्यात ठेवला. "खा. गरम आहेत अजून."

नेरिस शेजारच्या खुर्चीवर वाट बघत बसली होती. आता उठेल, आता तिचा हात धरेल. एम्लिनने डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर दिवेवाल्यांपुढे सरकवला.

"घ्या रे पोरांनो. मी नाही खात हिच्या हातचं. काय घातलं असेल कुणी सांगावं."

पोरं ओशाळली. एकाने केक हातात घेतला आणि तसाच धरून बसला. मेन्नाने ते ऐकून घेतलं. सवय झाली होती तिला. "चहा आणते," एवढं म्हणून ती रांगेत जाऊन उभी राहिली.

नेरिस झुकून म्हणाली, "एम्लिन, सकाळी आपण काय बोललो?"

"काय बोललो?"

"मेकअपच्या खोलीत. मेन्नाबद्दल."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. तो खरोखर प्रयत्न करत होता, कपाळावरच्या खोट्या जखमेला आठ्या पडल्या. "शान म्हणाली हलू नका," तो शेवटी म्हणाला.

"मेन्नाने नाही सांगितलं कुणाला. मी सांगितलं. मी तुला सकाळी कबूल केलं, तू रडलास."

"मी रडलो?" त्याने तिचा हात थोपटला. "तू भली बाई आहेस, नेरिस. पण तिला पाठीशी घालू नकोस. मला समजत नाही का?"

ऐकलेलं पुसलं गेलं होतं आणि राग तेवढा शाबूत होता. डॉक्टर असंच होतं म्हणतात. डॉक्टरांना म्हणायला काय जातं. मेन्ना चहाचे तीन कप घेऊन आली, नेरिसच्या कपात दूध कमी, साखर एक, सगळं लक्षात ठेवून. तिच्या तोंडासमोर बोलायचा हाच क्षण होता. नेरिसने कप घेतला, थँक्यू म्हणाली आणि चहा प्यायली.

जेवणानंतर काडोच्या मरणाची तयारी झाली. काडो काचेच्या खोलीत, कारण त्याच्या अंगातली किरणं दुसऱ्याला बाधतील. सोरेल काचेच्या बाहेर. सोरेलला या प्रसंगात एकही वाक्य नव्हतं. बोलायचं ते सगळं काडोने. दोघांचं एकत्र चित्रीकरण सकाळीच होऊन गेलं होतं. आता उरलं होतं ते एम्लिनच्या चेहऱ्याचं, अगदी जवळून. अशा वेळी नेरिस समोर असायची गरज नसते; तिच्याऐवजी काचेवर चिकटपट्टीची फुली मारतात आणि नट त्या फुलीकडे बघून बोलतो. एम्लिन फुलीकडे बघून बोलणार होता, आणि नेरिस दुसरीकडे बसणार होती.

गेले काही महिने एम्लिनच्या कानात एक बारीकसं यंत्र बसवत असत. कॅमेऱ्याला दिसत नसे. भिंतीमागे कुणीतरी छोटा माइक घेऊन बसायचं आणि त्याची वाक्यं एकेक करून त्याला सांगायचं. दिग्दर्शकाच्या मदतनिसांनी करून पाहिलं, जमलं नाही. एम्लिन अनोळखी आवाजाने बिचकायचा. नेरिसच्या आवाजाने बिचकत नसे. म्हणून मग तीच बसायची. एम्लिनने स्वतःपुरता नियम केला होता: कानात येईल ते बोलायचं, मध्ये डोकं घालायचं नाही. आणि खरं सांगायचं तर तो असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे शब्द याच्या आतड्यातूनच येतायत. विसरला होता तो शब्द. अभिनय कुठे विसरला होता?

नेरिस लाकडी भिंतीमागे स्टुलावर बसली. समोर छोटा पडदा, पडद्यावर एम्लिनचा चेहरा. हातात संवादाचा कागद. पलीकडे दिग्दर्शक रोड्री, त्याच्या मागे कॅट्रिन, आणि कॅट्रिनच्या शेजारी खुर्चीत मेन्ना, कानाला सेटवरचं बोलणं ऐकायचं यंत्र लावून. पाहुण्यांना देतात तसं एक तिलाही दिलं होतं. मांडीवर रिकामा डबा.

"चला," रोड्री म्हणाला. "एम्लिन, सावकाश. घाई कुणालाच नाही."

नेरिसने माइकची कळ दाबली. "मिरीला अंधाराची भीती वाटायची," ती वाचत म्हणाली.

"मिरीला अंधाराची भीती वाटायची," काडो म्हणाला, आणि कॅमेऱ्यामागची माणसं एकदम शांत झाली.

"दार तू लावलंस. मी तुझ्या शेजारी होतो. मी तुझा हात का धरला नाही, हे मला आजवर कळलं नाही."

तो म्हणाला. फुलीकडे बघत म्हणाला, जणू फुलीच्या जागी बाई उभी आहे.

मग तो अडखळला. डोळे भरकटले. रोड्रीने कॅमेरा थांबवला नाही. एम्लिनच्या बाबतीत ते कधीच थांबवत नसत. थांबवलं, दिवे लावले, माणसं फिरली की तो पार हरवून जायचा. कॅमेरा तसाच फिरू द्यायचा, तो परत जागेवर येईपर्यंत वाट बघायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेरिसलाही होतं. पण शानने पुढे होऊन त्याच्या कपाळाचा घाम टिपला, एक दिवेवाला शिडीवर चढला, आणि नेरिसला वाटलं थांबलंय.

पडद्यावर तो चेहरा होता. एम्लिन मान वळवून मेन्नाकडे बघत होता. केवढा तिरस्कार होता त्या बघण्यात. नेरिसच्या मनात आलं, दुसरं काही याच्या डोक्यात शिरत नाही, पण कानात जाईल ते शिरतं. तेवढा एकच रस्ता उघडा आहे. आज संपलं की तोही बंद.

तिने कळ दाबली आणि कुजबुजली, "एम्लिन. मेन्नाने कुणाला सांगितलं नाही. नेरिसने सांगितलं. मेन्नाचा काहीही दोष नाही."

एम्लिनने मान फुलीकडे वळवली. त्याचे डोळे भरून आले. आणि काडोच्या त्या खोल, दमलेल्या आवाजात तो म्हणाला, "मेन्नाने कुणाला सांगितलं नाही. नेरिसने सांगितलं. मेन्नाचा काहीही दोष नाही."

इतकं सुंदर बोलला की क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही हे कागदावर नाही म्हणून.

मग आलं. शिडीवरचा माणूस तिथेच थांबला. शानने तोंडावर हात ठेवला. रोड्रीने डोळे मिटले, उघडले, आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "छान, एम्लिन. फार छान. एकदा परत करू, जरा मागून." आवाजात नुसती कीव होती. बिचाऱ्याचा तोल पुरता गेला, असंच जो तो समजला.

नेरिस भिंतीमागून बाहेर आली. "त्याचं चुकलं नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याच्या कानात. आणि ते खरं आहे. कॅट्रिन, सांग ना यांना. मीच सांगितलं होतं तुला, सूप पिताना."

कॅट्रिन हातातल्या घड्याळाशी खेळत राहिली. दिवस संपत आला होता, माणसांना जादा वेळ थांबवायचं नव्हतं.

"नेरिस," रोड्री म्हणाला, "त्याला सांभाळून घेतेस हे आम्हाला दिसतंय. पण आत्ता नको. आत्ता फक्त वाच. करशील एवढं त्याच्यासाठी?"

एक मेन्ना तेवढी हलली नव्हती. तिने कानावरचं यंत्र काढून मांडीवरच्या डब्यावर ठेवलं होतं आणि ती नेरिसकडे एकटक बघत होती. तिला कुणी काही समजावून द्यायची गरज नव्हती.

नेरिस परत स्टुलावर जाऊन बसली. दुसरं काय करणार होती? कागद घेतला, कळ दाबली. आता उरलेली वाक्यं वाचायची होती, आणि ती तिला नीट माहीत होती.

"मी फार दिवस तुझ्यावर रागावलो," ती म्हणाली.

"मी फार दिवस तुझ्यावर रागावलो."

"आता माझ्यात राग धरायचं बळ नाही."

"आता माझ्यात राग धरायचं बळ नाही."

पुढच्या ओळीवर ती थांबली. पडद्यावर एम्लिन वाट बघत होता, पुढचा शब्द येईल म्हणून, तिच्यावर पूर्ण भरवसा टाकून.

"मी तुला माफ केलं," कागदावर होतं ते नेरिस स्वतःच म्हणाली.

"मी तुला माफ केलं," काडो फुलीला म्हणाला.

रोड्रीने थांबा म्हटलं. मग नेहमीप्रमाणे मदतनीस ओरडला की मंडळी, एम्लिन बेव्हनचं काम पूर्ण झालं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोक रडले. दिवेवाले रडले. शान तर हुंदके देत होती. एम्लिनने लवून नमस्कार केला आणि विचारलं की आता चहा मिळणार का.

मेन्ना भिंतीमागे आली. नेरिस अजून स्टुलावरच होती.

"खरं का ते?" मेन्नाने विचारलं.

"खरं."

"मार्चपासून?"

"मार्चपासून."

मेन्ना भिंतीला टेकली. ती डब्याचं झाकण उघडत, लावत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, हे वर्ष बरं जाईल. काय करायचं ते या वर्षात करून घ्या. आम्ही आयर्लंडला जाणार होतो बोटीने. लग्न झाल्यावर गेलो होतो ना, तसंच." ती थांबली. "तेच दिवस त्याने मागच्या खोलीत काढले. दाराला आतून खुर्ची लावून."

"मेन्ना, मला माफ..."

"ते बोलू नकोस. माझ्याजवळ सध्या नाहीये ते, मागून उपयोग नाही." तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच नेरिसला जास्त लागलं. "त्याला सांग. माझ्यासमोर सांग. माझं तेवढंच म्हणणं आहे."

बाहेर अजून ऊन होतं. एम्लिन गाडीजवळ उभा होता, चेहऱ्यावरचे डाग अर्धवट पुसलेले, गळ्यात कुणीतरी घातलेला मफलर. मेन्नाने दार उघडलं तसा तो मागे सरकला.

"मी हिच्याबरोबर येत नाही."

"एम्लिन, घरी जायचंय," मेन्ना म्हणाली.

"कुणाच्या घरी? फितुराच्या?" त्याने नेरिसचं मनगट पकडलं. "ही येत असेल तर येतो."

मेन्नाने नेरिसकडे बघितलं आणि मानेनेच बस म्हटलं. नेरिस मागे त्याच्या शेजारी बसली. मेन्नाने गाडी सुरू केली. समुद्राच्या कडेने रस्ता जात होता, भरती ओसरली होती, वाळूवर माणसं कुत्री फिरवत होती. मेन्ना म्हणाली, "हं. सांग आता."

नेरिसने सांगितलं. या वेळी काही राखून ठेवलं नाही. हिवाळ्यात दिलेला शब्द, पाण्यातला प्रसंग, सूप, कॅट्रिन, बोलताना वाटलेलं बरं, आणि नंतर रोज सकाळी गप्प बसणं. सांगताना ती रडली. एम्लिनने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याने खिशातून रुमाल काढून तिला दिला. पुढच्या आरशात मेन्नाचे डोळे रस्त्यावरून हलत होते आणि परत आरशात येत होते.

नेरिसचं बोलून झाल्यावर एम्लिन पुढे वाकला आणि बायकोच्या खांद्यावर बोटाने टकटक केली.

"ऐकलंस? बघ. तुझं पाप ही बाई स्वतःच्या अंगावर घेतेय. कोण कुठली, ना नात्याची ना गोत्याची. आणि तू?"

मेन्नाने गाडी चालवत ठेवली.

"एम्लिन, मी खरं सांगतेय," नेरिस म्हणाली. "माझ्यावर राग काढ. मला शिव्या दे. मला माफ करू नकोस हवं तर, पण मेन्नाला..."

"तुला काय माफ करायचं, पोरी?" तो हसला. सकाळी आरशासमोर थट्टा करताना हसला होता तसंच, मोकळं, निर्मळ. "तू काही केलंच नाहीस. मी दोघींनाच सांगितलं होतं. एकीने शब्द पाळला." त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

घरापाशी गाडी थांबली. मेन्ना उतरली, तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं. तो जागचा हलला नाही, समोर बघत बसला. मेन्ना थोडा वेळ दार धरून उभी राहिली. मग वाकून आत बघत म्हणाली, "उतर, नेरिस. तू उतरल्याशिवाय तो उतरायचा नाही."

"आणि उद्या?"

"उद्याही ये. सकाळीच ये, त्याला उठवायला." मेन्नाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. पण तू येशील."

नेरिस उतरली आणि तिने हात पुढे केला. एम्लिनने तो घट्ट धरला, बायकोकडे न बघता पायरी चढला, आणि मेन्ना त्याची पिशवी घेऊन दोघांच्या मागून घरात गेली.